तीन ड्रमर आणि माझी एक चूक



आजचा भाग एका दुरुस्तीने सुरू करतो. या मालिकेतल्या एका जुन्या भागात, बोलण्याच्या भरात, मी दोन विधानं केली होती. पहिलं असं की स्वीडनमधल्या मेशुगा या मेटल बँडचा ड्रमर टोमास हाके जे वाजवतो ती आपली तिहाईच आहे, फक्त पायाने वाजवलेली. दुसरं असं की अमेरिकेतल्या टूल या बँडच्या 'लॅटरॅलस' या गाण्यामागचं गणित आपल्या हेमचंद्राचं आहे. तो भाग लोकांना फार आवडला होता. बंगळुरू, इंदूर, बडोदा, गोवा, कुठून कुठून कळवलं लोकांनी, की ऐकून छाती फुगली. माझीही फुगलीच होती. खोटं कशाला बोलू?

त्यातलं पहिलं विधान चूक आहे, आणि दुसरं चुकीच्या पद्धतीने केलेलं आहे. ते कसं कळलं हे सांगायचं तर तीन ड्रमरांच्या हातांची आणि पायांची तुलना करावी लागेल, आणि मी राहतो त्या कोलकाता शहराच्या तबल्याकडेही थोडं बघावं लागेल. ज्यांनी आयुष्यात मेटल ऐकलेलं नाही त्यांनीही थांबा. लागेल तेवढं सांगत जाईन.

मी मूळचा मिरजेचा. लहानपणी भजनी मंडळात तबला धरायला लागलो, मग रीतसर शिकलो, मग नोकरी लागली आणि तबल्यावर खोळ चढली ती चढलीच. १९९७ साली बदली होऊन कोलकात्याला आलो. इथे दोन गोष्टींनी मला पकडलं. एक म्हणजे जानेवारीतली डोव्हर लेन संगीत परिषद. ही १९५२ पासून चालू आहे. नजरुल मंचावर रात्रभर मैफल चालते, लोक माकडटोप्या घालून बसलेले असतात आणि तबलजीने समेवर येताना केसभर उशीर केला तरी पाचशे माना एकदम वळतात. दुसरी गोष्ट फ्री स्कूल स्ट्रीट, म्हणजे आताची मिर्झा गालिब स्ट्रीट. तिथे जुन्या रेकॉर्डी आणि कॅसेट विकणाऱ्यांची दुकानं होती. एका शनिवारी तिथून ड्रीम थिएटरची 'इमेजेस अँड वर्ड्स' ही कॅसेट उचलली, निव्वळ वेष्टन बघून. घरी येऊन लावली आणि मांडीवर हाताने मात्रा मोजायला लागलो. चार धरले तर चुकायचं, तीन धरले तरी चुकायचं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पूर्ण रविवार त्यात गेला.

या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. हेवी मेटलचा गिटारचा जाड, खरखरीत आवाज आणि सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकची लांबलचक, वळणं घेत जाणारी रचना यांचा हा संसार. १९८० च्या दशकात तो उभा राहिला. नेहमीचं रॉक चारात चालतं. इथे पाच, सात, अकरा, नऊ असे हिशेब येतात, आणि तेही एका गाण्यात बदलत जातात. आपल्याकडे झपताल दहाचा, रूपक सातचा, धमार चौदाचा, त्यामुळे आपल्या कानाला हे परकं वाटत नाही. मोह तिथूनच सुरू होतो.

कोलकात्यात रॉक काही नव्याने आलेलं नव्हतं. पार्क स्ट्रीटवरच्या हॉटेलांत पूर्वीपासून बँड वाजत आलेले. १९७५ साली गौतम चट्टोपाध्याय आणि मंडळींनी 'मोहिनेर घोडागुली' हा बंगाली बँड काढला, तो काळाच्या फार पुढे होता, आणि पुढे नव्वदीत कॅक्टस, फॉसिल्स वगैरेंनी बांग्ला रॉक घराघरात नेलं. या शहराला तबला आणि ड्रमसेट एकाच गल्लीत ऐकायची सवय आहे. माझ्या इमारतीत तर एकाच जिन्यावर. खालच्या मजल्यावर मी, आणि वरच्या मजल्यावर एक मुलगा, जो मेटल बँडमध्ये ड्रम वाजवतो. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे घरी रबरी पॅडवर सराव करतो. मला तो 'काकू' म्हणतो. दचकू नका. बंगालीत काकाला लाडाने काकू म्हणतात. पहिली दोन वर्षं मलाही चमत्कारिक वाटायचं.

तर आता ते तीन ड्रमर.

पहिला माइक पोर्टनॉय, ड्रीम थिएटरचा. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग बीचचा, जन्म १९६७ चा. १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असताना त्याने आणि दोन मित्रांनी हा बँड सुरू केला. त्याचं वाजवणं बांधीव आहे. आपल्याकडे एखादा गतकार तुकडा बांधतो, त्यातला प्रत्येक बोल ठरलेला, तसं. ढोल किती, झांजा किती, मांडणी अवाढव्य, पण त्याच्या जागा तुम्ही गुणगुणू शकता. गाण्याचा स्वर जिथे वळतो तिथे तोही वळतो, म्हणून मात्रा बदलल्याचं ऐकणाऱ्याला चटकन कळतही नाही. १९९९ च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'मध्ये 'द डान्स ऑफ इटर्निटी' नावाची सहा मिनिटांची वाद्यरचना आहे, तिच्यात शंभराहून अधिक वेळा मात्रांचा हिशेब बदलतो. २०१० साली तो बँड सोडून गेला. त्याच्या जागी सात जणांची परीक्षा घेऊन माइक मँजिनीला घेतलं. मँजिनीचे हात जगातल्या सर्वांत वेगवान हातांपैकी, डावा-उजवा सारखेच चालणारे, मांडणीही दोन्ही बाजूंनी सारखी. वेग जास्त, सफाई जास्त, आणि तरीही मला पोर्टनॉयच आवडतो. मँजिनी ऐकताना मी त्याचे हात बघतो, पोर्टनॉय ऐकताना गाणं ऐकतो. २०२३ मध्ये पोर्टनॉय परत आला, तेव्हा वरच्या मजल्यावरून जिना उतरत आरडाओरडा करत ही बातमी मला सांगितली गेली.

पोर्टनॉयबद्दल माझं काही चुकलं नव्हतं, म्हणून पुढे जातो.

दुसरा डॅनी कॅरी, टूल या बँडचा. जन्म १९६१, अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातला. धिप्पाड माणूस, साडेसहा फुटांच्या आसपास उंची. त्याच्या हातात काठ्या खेळण्यातल्या वाटतात. टूल १९९० मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला. कॅरीचं वाजवणं पोर्टनॉयच्या अगदी उलट आहे. पोर्टनॉय गाण्याला खांबांसारखा टेकू देतो. कॅरी गाण्याच्या खालून, पाण्यासारखा वाहतो. बहुतेक रॉक ड्रमर स्नेअरवर, म्हणजे त्या मधल्या कडक आवाजाच्या ढोलावर, वजन देतात. कॅरी टॉमवर, म्हणजे बाजूच्या गोल, खोल आवाजाच्या ढोलांवर जास्त राहतो, त्यामुळे त्याचा ठेका सुरात बोलल्यासारखा वाटतो. आपल्या डग्ग्यावर मनगट दाबून मींड काढतात, तो प्रकार ड्रमवर होत नाही, पण त्याला तसलं काहीतरी हवं असतं हे ऐकताना जाणवतं.

'स्किझम' हे त्याचं गाणं घ्या, २००१ च्या 'लॅटरॅलस' या अल्बममधलं, ज्याला ग्रॅमी मिळालं. गाण्याचा बराचसा भाग पाच आणि सात, पाच आणि सात असा चालतो. बेरीज बारा. आपला एकतालही बाराचा. पण एकतालात दोन-दोनचे सहा समान विभाग, आणि इथे बाराचे दोन असमान तुकडे. एकतालाची टाळी देत बसलात तर पहिल्याच आवर्तनात पडाल, मी पडलो होतो. १९९६ च्या 'फॉर्टी सिक्स अँड टू'मध्ये शेवटाकडे कॅरी एकटा वाजवतो तो तुकडा मात्र जरूर ऐका. मूळ घाट सातचा. तो एक छोटी जागा घेतो, तिला उलटी करतो, तोडतो, वाढवतो. कायद्याचे पलटे ऐकल्याची सवय असेल तर पुढचा पलटा काय येणार याचा अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज दोनदा बरोबर ठरून तिसऱ्यांदा फसतो.

आता तिसरा, ज्याने मला अडचणीत आणलं. टोमास हाके. जन्म १९७१. मेशुगा हा बँड १९८७ साली उत्तर स्वीडनमधल्या उमेओ या गावात सुरू झाला. हाके १९९० मध्ये आला. गंमत म्हणजे हाकेचे हात वरून बघितले तर साधं रॉक वाजवताहेत असं वाटतं. उजवा हात झांजेवर एक-दोन-तीन-चार, डावा हात तिसऱ्यावर स्नेअर. बस. शाळेतल्या कवायतीला लावावं इतकं सरळ. पण पाय खाली वेगळ्याच संसारात असतात. दोन्ही पाय गिटारच्या तुकड्याबरोबर बांधलेले, आणि तो तुकडा चारात बसणारा नसतो. सतरा, तेवीस, पंचवीस अशा कुठल्याही लांबीचा असतो. तो तुकडा फिरत राहतो, हात चारावर ठाम राहतात, आणि दोघांमधलं अंतर दर फेरीत सरकत जातं. २००८ च्या 'ओब्झेन'मध्ये 'ब्लीड' नावाचं गाणं आहे. त्यातली पायांची हालचाल इतकी अवघड की हाकेनेच सांगितलंय, या एका गाण्याच्या सरावाला त्याला बाकीच्या सगळ्या अल्बमइतका वेळ लागला. आणि त्याच हाकेच्या बँडने २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री'मध्ये ड्रम माणसाकडून वाजवून न घेता संगणकावर मांडून घेतले होते. काही कट्टर चाहत्यांना ते आजही सोसत नाही. मला उलट ते फार प्रामाणिक वाटतं. त्यांना हाताची करामत दाखवायची नव्हती. हिशेब ऐकवायचा होता.

माझं म्हणणं असं होतं: हात ठेका धरून आहेत, पाय लयकारी करताहेत, आणि अमुक इतक्या वेळाने दोघं समेवर भेटतात. मग ही तिहाई नाही तर काय? म्हणजे हे आपल्याकडून गेलं. असं मी बोललो, लोक खूष झाले, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वरचा मुलगा खाली आला. हातात रबरी पॅड आणि दोन काठ्या. त्याने तो भाग इंग्रजी उपशीर्षकं लावून बघितला होता.

"काकू, तुम्ही मोजलंत का?"

मोजलं नव्हतं. ऐकलं होतं, आणि ओळखीचं वाटलं होतं.

मग आम्ही मोजायला बसलो. त्याने उदाहरणाला तेवीसचा तुकडा घेतला. मात्रेचे चार भाग करायचे, आपली चौगुन. त्यांच्या चार मात्रांच्या आठ ओळी म्हणजे बत्तीस मात्रा, म्हणजे आपल्या तीनतालाची दोन आवर्तनं. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस. त्यात तेवीसचा तुकडा पाच वेळा पूर्ण बसतो, तेवीस पंचे एकशे पंधरा. उरले तेरा. मी टाळी धरली, तो वाजवत गेला. पाच फेऱ्या झाल्या, सहावी सुरू झाली, आणि तेराव्या ठोक्यानंतर, तुकडा अर्धवट असताना, त्याने तो तिथेच सोडला आणि सम गाठून पहिल्यापासून सुरू केलं. मी म्हटलं, अरे, पूर्ण कर की. तो म्हणाला, पूर्ण करायचाच नसतो. मेशुगा असंच करतात. उरलेलं कापून टाकतात.

आता तुम्हीच तिहाई आठवा. तीनतालात समेपासून सुरू करून पुढच्या समेवर यायचं, तर ती सम धरून सतरा मात्रा लागतात. 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा बोल घ्या. पाच, मग एक मात्रा दम, परत पाच, परत एक, परत पाच. झाले सतरा. शेवटचा धा बरोबर समेवर. बोल एकदाही तुटला नाही. आणि समजा तिहाई बारा मात्रांचीच आहे, तर आपण काय करतो? पहिल्या पाच मात्रा ठेक्यात किंवा दुसऱ्या कशात काढतो आणि सहाव्या मात्रेपासून तिहाई उचलतो. म्हणजे उरलेलं आपण आधी फेडून टाकतो, की शेवट स्वच्छ यावा. हाके समेवर सुरू करतो आणि उरलेल्याची वजाबाकी शेवटी करतो. आपण शिलकेचा निकाल सुरुवातीला लावतो, तो शेवटी.

हा बारीकसा फरक नाही. तिहाईचा सगळा आनंद कशात आहे? ऐकणाऱ्याला दुसऱ्या फेरीत कळतं की तिसरी कुठे पडणार, आणि मग तो श्वास धरून बसतो. नजरुल मंचावरच्या पाचशे माना त्यासाठीच असतात. हाकेच्या संगीतात असली वाट बघणं नाही. तेवीसची पाचवी फेरी चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळतच नसतं. त्याची मान चारावर हलत असते, खालून जमीन सरकत असते, आणि अचानक सगळं जागेवर येतं. आपल्याकडे समेची चाहूल आधी लागते. तिथे ती लागू नये यासाठीच सगळा खटाटोप.

मुलगा उठताना बंगालीत म्हणाला, "ओरा काटे काकू, आपनारा काटेन ना." ते कापतात, तुम्ही कापत नाही. बंगालीत 'ताल काटणं' म्हणजे ताल चुकणं, त्यामुळे त्याचं वाक्य त्यालाच विनोदी वाटलं आणि तो हसत वर गेला. मला काही हसू आलं नाही.

साम्य आहे, पण साम्य असलं की नातं असतंच असं नाही. मेशुगाचं हे कसब कुठून आलं याचा माग काढला तर तो भारताकडे येत नाही. त्यांचा गिटारवादक फ्रेड्रिक थोर्डेंडाल हा अॅलन होल्ड्सवर्थ या इंग्रज जॅझ-फ्यूजन गिटारवादकाचा भक्त. त्याखाली ऐंशीच्या दशकातलं अमेरिकन थ्रॅश मेटल. मेटलच्या गाण्यात ओळी चाराच्या पटीत येतात, श्रोते चारावर डोकं हलवतात. त्या चौकटीत विषम तुकडा फिरवायचा तर कुठेतरी कात्री लावावीच लागते. जोनाथन पिस्लाक या अभ्यासकाने २००७ मध्ये मेशुगाच्या लयीवर सविस्तर निबंध लिहिला आहे, त्यातही मोठी चौकट चाराची राहते आणि तुकडा तिच्यात बसवण्यासाठी छाटला जातो हेच दिसतं. उमेओतल्या त्या पोरांनी हे आपापलं शोधलं. त्याचं श्रेय त्यांच्या खिशातून काढून आपल्या खिशात टाकायचा मला अधिकार नव्हता.

आता दुसरं विधान, लॅटरॅलसचं. या गाण्याच्या सुरुवातीच्या ओळींची अक्षरं मोजली तर एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी चढतात आणि मग उतरतात. पाश्चात्त्य जग याला फिबोनाचीची श्रेणी म्हणतं. इटलीतल्या पिसा शहराच्या फिबोनाचीने ती १२०२ च्या ग्रंथात सशांच्या गणितात मांडली. गाण्याच्या एका भागात मात्रा नऊ, आठ, सात अशा येतात. गाण्याचं आधीचं नावही 'नऊ-आठ-सात' असंच होतं, आणि ९८७ हा त्याच श्रेणीतला आकडा. आपण शाळेत 'यमाताराजभानसलगा' घोकलंय. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. मग चार मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. सहांची? तेरा. हे आपल्या छंदशास्त्रकारांनी ओळखलं होतं. विरहांकाने फार आधी, आणि गुजरातच्या हेमचंद्राने ११५० च्या सुमारास. फिबोनाचीच्या अर्धं शतक आधी. आणि तेही ससे मोजून नव्हे, पद्याच्या मात्रा मोजून, म्हणजे लयीतूनच. हे खरं आहे आणि याचा अभिमान वाटायला काहीच हरकत नाही.

चूक पुढची. मी म्हणालो होतो, टूलने हेमचंद्राचं गणित वापरलं. टूलच्या गाण्यापर्यंत ही श्रेणी फिबोनाचीच्या नावाने पोचली. स्वतः फिबोनाचीने आपल्या ग्रंथात नऊ अंकांना भारतीयांचे अंक म्हटलं आहे, तिथे ऋण नोंदलेलं आहे, सहीसकट. सशांच्या गणिताला तशी सही नाही. अंकांचं श्रेय बिनधास्त घ्या. सशांच्या बाबतीत एवढंच म्हणता येईल की आपण आधी पोचलो होतो. 'आमच्याकडून गेलं' हे वेगळं वाक्य आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

मला लाज कशाची वाटली सांगतो. ज्या शहरात बसून मी हे बोललो, त्या शहराचा तबला पुराव्यावरच उभा आहे. कोलकात्याला फर्रुखाबाद घराण्याचा तबला आला तो मसीत खाँसाहेबांमुळे, त्यांचे चिरंजीव करामतुल्ला खाँ इथलेच झाले, आणि नातू साबीर खाँ यांनी तो पुढे नेला. मसीत खाँसाहेबांकडे शिकलेले ज्ञानप्रकाश घोष म्हणजे या शहराच्या तबल्याचं एक विद्यापीठच. घर हार्मोनियमवाल्यांचं. ज्या 'द्वारकिन' कंपनीने हातपेटी रूढ केली, ती त्यांच्या आजोबांची, द्वारकानाथ घोषांची. डिक्सन लेनमधल्या त्यांच्या घरी देशभरचे कलावंत येऊन गायले-वाजवले. त्यांच्या शिष्यांत कानाई दत्त, श्यामल बोस, शंकर घोष, अनिंदो चॅटर्जी. आणि मुंबईत १९५६ साली संगीत महाभारती काढणारे निखिल घोषही. निखिलबाबू पुढे अहमदजान थिरकवाँकडेही शिकले. थिरकवाँ म्हणजे आपल्या बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत साथ केलेले, मराठी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेले.

ही वंशावळ पाठ म्हणून दाखवायला दिली नाही. अनिंदो चॅटर्जींनी मैफलीत एखादी गत वाजवली तर ती कोणाची, कोणी कोणाला दिली, हे ते सांगू शकतात, आणि जाणकार ते विचारतात. घराणं म्हणजे नुसती शैली नव्हे, तो देण्याघेण्याचा दस्तऐवज असतो. एखाद्याने दुसऱ्याची गत आपली म्हणून वाजवली तर इथे त्याची खैर नसते. आपल्या तबल्याला आपण जो नियम लावतो, तो स्वीडनच्या ढोलाला लावायचं मी विसरलो.

आणि गंमत बघा, तोच नियम लावून शोधलं की खरं देणंघेणंही सापडतं. ते माझ्या बढाईपेक्षा लहान आहे, पण पक्कं आहे.

१९६८ मध्ये अल्लारखाँ आणि अमेरिकन जॅझ ड्रमर बडी रिच यांची एकत्र रेकॉर्ड निघाली. ऐकायला मजा येते, पण मला त्यात दोन थोर माणसं एकमेकांना वाकून नमस्कार करताहेत एवढंच ऐकू येतं. कोणाचा हात बदलत नाही. खरा बदल १९७१ मध्ये दिसतो, इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लाफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात. मॅक्लाफ्लिन हा श्री चिन्मय यांचा शिष्य. श्री चिन्मय बंगालीच, चितगावकडचे, १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले. 'महाविष्णू' हे नाव त्यांनीच दिलं. त्या बँडमध्ये बिली कॉबम हा ड्रमर विषम मात्रांत जो जोर लावतो, तो ऐकून पुढच्या प्रोग्रेसिव्ह ड्रमरांची एक पिढी तयार झाली.

मग त्रिलोक गुर्टू. यांचं नाव आपल्यात जेवढं घेतलं जायला हवं तेवढं घेतलं जात नाही. जन्म १९५१, मुंबई. आई शोभा गुर्टू, बेळगावच्या, माहेरच्या भानुमती शिरोडकर, ठुमरीचं मोठं नाव. त्रिलोक आधी तबला शिकले आणि मग ड्रमसेटकडे गेले, पण ड्रमरसारखे स्टुलावर बसलेच नाहीत. जमिनीलगत, गुडघ्यावर, तबल्याशेजारी ढोल मांडून वाजवायला लागले. वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवायचा हा त्यांचा प्रकार. १९८८ च्या 'उसफ्रेत' या त्यांच्या अल्बममध्ये आईचा आवाज आहे. ते मेटल वाजवत नाहीत, पण तबल्याचा बोल ड्रमवर कसा बोलतो हे ऐकायचं असेल तर सुरुवात तिथून करा.

आणि शेवटी डॅनी कॅरी. माझ्या त्या भाषणात मी ज्याच्याबद्दल भलतंच बोललो, त्याच्याबद्दलच खरं सांगण्यासारखं होतं आणि ते मी सांगितलंच नाही. कॅरी तबला शिकला. त्याचे गुरू आलोक दत्ता, अमेरिकेत शिकवणारे तबलावादक. टूलच्या २००० सालच्या 'सलायव्हल' या संचात 'पुशिट' गाण्याचं एक संथ, मैफलीतलं रूप आहे, त्यात दत्ता स्वतः तबल्यावर आहेत. पुढे २००६ च्या 'टेन थाउजंड डेज'मधल्या 'राइट इन टू' या अकराच्या घाटाच्या गाण्यात मधेच तबला वाजतो. तो कॅरीने वाजवलाय, तोही इलेक्ट्रॉनिक पॅडवर, तबल्याचे आवाज भरून. चामड्यावर बोट नाही, पण बोलांची जाण शिकलेल्याची आहे. इथे शिष्य आहे, गुरू आहे, दोघांची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेली आहेत. कोलकात्यातला कुठलाही जाणकार ज्याला नातं म्हणेल, ते हे.

तिघांत आवडता कोण, असं विचाराल. पंचवीस वर्षं मी पोर्टनॉय म्हणत आलो. मग कॅरी, कारण त्याच्यात आपलं काहीतरी आहे याचं सुख. पण गेलं वर्षभर मी सर्वांत जास्त हाके ऐकतोय. त्याच्यात आपलं काही नाही हे पक्कं कळल्यापासून तो नीट ऐकू यायला लागला. पूर्वी मी त्याच्यात तिहाई शोधत असे आणि ती सापडली की ऐकणं थांबवत असे.

तबल्यावरची खोळ आता काढली आहे. शाई थोडी उडालीय, पण आवाज आहे. वरचा मुलगा रविवारी सकाळी खाली येतो, मी त्याला तीनतालाचा ठेका शिकवतो, आणि त्याच्या बदल्यात तो मला तेवीसवर बसवतो. तो पॅडवर, मी टाळीवर. पाच फेऱ्यांपर्यंत मी बरोबर असतो. सहाव्या फेरीत, तेरावर तो सोडतो तिथे, मला अजून राहवत नाही. तुकडा पूर्ण होईल म्हणून मी थांबतो, आणि माझी टाळी उशिरा पडते.